बाबांचं जुनं एचएमटी दुरुस्त करू, की नवं ऑटोमॅटिक घेऊ?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं घर बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीतलं. बाबांनी आयुष्यभर माग चालवला. त्यांचं एचएमटी जनता माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. मागावर बसण्याआधी ते घड्याळ काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचे आणि उठल्यावर आधी ते हातात, मग चहा. गेली आठ-नऊ वर्षं ते कपाटात बंद पडलंय. किल्ली फिरते, पण काटे हलत नाहीत. काच इतकी खरवडलीय की आतली तबकडी धुक्यातून बघावी तशी दिसते.

मला आता रोज घालायला एक चांगलं घड्याळ घ्यायचंय. हाताशी पंधरा हजार आहेत. मनात तीन गोष्टी आहेत : हेच जनता नीट करून घालणं, टायटनचं पातळ क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) घेणं किंवा थोडे पैसे वाढवून जपानी ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारं) घेणं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "दुरुस्त करणार असशील तर तबकडी पण नवी घालून आण. जुनाट कशाला दिसू दे?"

तुम्ही काय केलं असतं? आणि बेळगावात मनापासून काम करणारे घड्याळजी अजून आहेत का?

उद्यमबागवाला

आधी हे सांगा, तुमचा हात दिवसभर काय करतो? घड्याळ निवडताना मी तरी हाच प्रश्न पहिला विचारतो. ब्रँड नंतर.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. माझ्याकडे एक जपानी ऑटोमॅटिक होतं, फार आवडीचं. एकदा अचानक ते दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे धावायला लागलं. मला वाटलं मशीन गेलं. मग लक्षात आलं, सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर (काम चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर) हात ठेवून मी काम लावत होतो. घड्याळाची गती ठरवणारी केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स चाक भराभर झुलतं. घड्याळ पुढे पळतं ते यामुळे. निळ्या रंगाची छोटी डीमॅग्नेटायझर पेटी मिळते, तिच्यावरून दोन-तीनदा फिरवलं आणि घड्याळ जागेवर आलं. घरी तपासायचं तर सुईचं साधं होकायंत्र घ्या. घड्याळ जवळ नेल्यावर बॅलन्सच्या ठोक्याबरोबर सुई थरथरली तर समजा भारलंय.

तेव्हापासून शॉपवर कॅसिओ, बाहेर ऑटोमॅटिक. हातोडा, ग्राइंडर, बुलेटचं हँडल, या सगळ्यांचा दणका मेकॅनिकल घड्याळाला बसतोच.

पण जनताबद्दल एक हिशेब सांगू द्या, मला तो फार भावतो. त्यातलं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचे ४,३२,००० झाले. आता समजा ते दिवसाला २० सेकंद मागे पडतं. म्हणजे चार लाख बत्तीस हजार ठोक्यांत फक्त शंभर चुकले. आमच्या शॉपवर कुणी मला एवढ्या टॉलरन्समध्ये काम करून दाखवू दे! आणि हे नुसत्या एका गुंडाळलेल्या पट्टीच्या जोरावर, विजेविना.

आमच्या शॉपवरची जुनी लेथही एचएमटीचीच आहे. ज्यांनी ती लेथ केली त्यांनीच बाबांचं घड्याळ केलं, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

चिकोडीचा_मास्तर

मी क्वार्ट्झच्या बाजूने बोलतो, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण क्वार्ट्झला दुय्यम समजतात आणि ते मला पटत नाही.

वर्गात नववीच्या पोरांना मी हे घड्याळ उघडून दाखवतो. आत क्वार्ट्झचा इवलासा चिमटा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? दोनचा पंधरावा घात आहे तो. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करतं आणि शेवटी उरतो सेकंदाला बरोबर एक ठोका. पोरांना हे कळतं तेव्हा त्यांचे डोळे बघायला हवेत. २५ डिसेंबर १९६९ ला सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि त्यानंतरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्याचा पायाच हलला.

टायटनची गोष्टही यातलीच. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली कंपनी काढली, कारखाना होसूरला, आणि सुरुवातीपासून भर क्वार्ट्झवर. २००२ साली त्यांचं एज आलं. अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाड, आतलं मशीन १.१५ मिलिमीटर. आपल्या देशात हे घडलं याचा मला अभिमान आहे. शर्टाच्या बाहीखाली ते असल्याचंही कळत नाही.

एकच काळजी घ्या. क्वार्ट्झ घड्याळ वापरात नसेल तर सेल आत ठेवू नका. सेल गळतो आणि मशीन खाऊन टाकतो. कपाटात बंद पडलेली किती तरी घड्याळं याच कारणाने मेली आहेत.

जुनी_किल्ली

शहापूरकर, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तबकडी बदलू नका. हात जोडून सांगतो, बदलू नका.

मी वीस वर्षं एचएमटी जमवतोय. आज चाळीसच्या वर आहेत. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, थोडी कांचन. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळूरला कारखाना उभा राहिला आणि पहिल्या घड्याळांचं अनावरण पंडित नेहरूंनी केलं. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि तिकडे उत्तराखंडात राणीबाग. जनताला किल्ली द्यायची, १७ ज्वेल (झीज टाळणारे बारीक खडे), तबकडीवर 'पॅराशॉक' (धक्का झेलणारी रचना) लिहिलेलं. काही जनतांवर नाव देवनागरीत आहे, ती मिळाली तर सोडू नका. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं आणि तुमकूरच्या कारखान्याची जमीन पुढे इस्रोकडे गेली. त्या जुन्या कारखान्यांतली आता जी आहेत तीच.

म्हणूनच ऑनलाइन सांभाळा. सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून 'न वापरलेलं जुनं पायलट' म्हणून एक घेतलं. तबकडी लखलखीत केशरी. घरी भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, सेकंदाच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, रंग कडेला जाड थापलेला. मागचं झाकण एका घड्याळाचं, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. संग्राहक याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात : भंगारातली घड्याळं सोडवायची, तबकडी पुन्हा रंगवायची आणि नवी म्हणून विकायची. पैसे परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की त्या रंगाखाली एक खरी तबकडी कायमची गेली होती.

घेताना मी काय बघतो ते सांगतो. आधी मशीनचा उघडा फोटो मागतो, तो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेत नाही. पायलटची ओळख काळी तबकडी, त्यामुळे पोपटी, केशरी, आकाशी दिसलं की लांब राहतो. फार चकचकीत तबकडी आणि झिजलेली केस (बाहेरचं कवच) एकत्र दिसली तर काही तरी गडबड आहे, कारण दोघी बरोबरच म्हाताऱ्या व्हायला हव्यात. आणि एकसारखा पिवळसर पडलेला, कडेने थोडा काळवंडलेला डायल दिसला की माझं मन निवांत होतं.

बाबांच्या जनतावरचे डाग घामाचे असतील, मागाजवळच्या दमट हवेचे असतील. ते त्यांच्या हाताचे आहेत. ते पुसून दुसऱ्या कुणाच्या रंगाऱ्याचा हात त्यावर का आणायचा?

निपाणीची_आक्का

किल्लीदादा, तुमचं मन समजतं, पण घड्याळ त्यांच्या बाबांचं आहे. माणूस हयात आहे, समोर बसलाय, तो म्हणतोय नवी तबकडी हवी. त्याचं ऐकायचं की संग्राहकांचं? माझ्या मते आधी बाबांना नीट विचारावं की त्यांना नेमकं काय खटकतंय.

आमच्याकडे लग्नात जावयाला घड्याळ घालायची पद्धत होती, अजून आहे. माझ्या लग्नात आमच्या आप्पांनी यांना एचएमटी कांचन घातलं. तेव्हा कांचनचा केवढा मान! किल्ली द्यायला नको, हातावर आपोआप चालणारं. तंबाखूचे पैसे हातात आल्यावर आप्पांनी पहिली खरेदी ती केली होती. आता ते मीच घालते. यांना मोबाइल पुरतो.

बायकांसाठी एक सांगते. दुकानात आपल्याला खडे लावलेली इवलीशी घड्याळं दाखवतात, ज्यांचे आकडे चाळिशीनंतर वाचता येत नाहीत. जुनी पुरुषांची घड्याळं ३४-३६ मिलिमीटरची असतात, ती आपल्या मनगटावर अगदी बेतशीर बसतात. मोजायचं ते नुसतं तोंड नाही. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाच्या बाहेर लोंबली की कितीही महागाचं घड्याळ असू दे, उसनं आणल्यासारखं दिसतं.

कॅम्पातला_माजी_जवान

जय हिंद. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, इथेच बेळगावात, माझं ट्रेनिंग झालं. तिथे पहिल्यांदा कळलं की वेळ म्हणजे अंदाज नव्हे.

माझ्याकडे एचएमटी जवान आहे. तबकडी साधी, आकडे मोठे, आतल्या वर्तुळात १३ ते २४. लष्कराची वेळ त्यावर थेट वाचता येते. घड्याळात मला सगळ्यात आधी हेच हवं असतं : अर्ध्या नजरेत वेळ कळली पाहिजे. अंधारात, पावसात, धावताना. दुकानात घड्याळ हातात घ्या, डोळे मिटा, उघडा आणि बघा. वेळ शोधावी लागली तर ते घड्याळ परत ठेवा.

आमच्या आजोबांचं वेस्ट एंड सोवार प्रायमाही घरात आहे. इंग्रजी अमदानीत हिंदी फौजेत या घड्याळाला फार मान होता. त्याच्याबद्दल एक इशारा देतो. फार जुन्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा जो लेप असे, त्यात खरं रेडियम असू शकतं. तो उजेड कधीच विझलेला असतो, पण किरणोत्सर्ग तसाच असतो. असं घड्याळ घरी उघडायचं नाही, तो लेप खरवडायचा नाही, पोरांच्या हातात द्यायचं नाही. आजच्या घड्याळांत जे चमकतं त्याला आपण सवयीने रेडियम म्हणतो, ते वेगळं, निर्धोक असतं.

खानापूर_जंगलाकाठी

आमच्याकडे पाऊस कसा असतोय ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर चार महिने कापडं वाळत नाहीत, तिथं घड्याळाची काय कथा.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. घड्याळावर '३० मीटर' लिहिलंय म्हणून ते पाण्यात चालतंय असं धरू नका. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, बस्स. पावसात गाडी चालवायची तर ५० तरी हवं, नदीत-विहिरीत पोहायचं तर १०० आणि किल्ली आट्यांनी आवळणारी असली तर आणखी चांगलं. पण आतलं रबर जुनं झालं की हे सगळे आकडे खोटे पडतात. सेल बदलताना रबरी रिंग बघा म्हणून घड्याळजींना आवर्जून सांगा, दहातले नऊ जण आपणहून बघत नाहीत.

दुसरं, काचेच्या आत बाष्प दिसलं तर तांदळात पुरून ठेवून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी उघडून घ्या. आत गंज एका आठवड्यात चढतोय. माझं एक गेलं असंच.

जनता पावसाळ्यात घालूच नका. त्याला पाण्याचं कवच नाही. आणि चामड्याचा पट्टा चार महिने कपाटात, हातावर नायलॉन नाही तर रबर.

शहापूरकर

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

उद्यमबागवाले, माझं काम पतसंस्थेत, टेबलावरचं. हात दिवसभर वहीवर आणि की-बोर्डवर. चुंबक नाही, हातोडा नाही. पण येजा दुचाकीवर.

आक्का, तुमचं वाचून बाबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, "तू बघ की, मला काय कळतंय त्यातलं." त्यापुढे काही बोलले नाहीत. किल्लीदादा, तुमचंही मनातून जात नाही. मी अडकलोय. घड्याळजी कोण ते कुणीच सांगितलं नाही!

जुनी_किल्ली

नाव इथे लिहीत नाही, निरोपात पाठवलंय. गणपत गल्लीच्या आतल्या अंगाला, छोटी पेटी आहे त्यांची. वय झालंय, दुपारी बसत नाहीत. ते कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत, वीस वर्षं आमचं उत्तम चाललंय. ते 'कैगडियार' म्हणतात, मी 'घड्याळ', दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात कानाला.

त्यांच्याकडे दिलंत तर काय होईल ते आधी सांगतो, म्हणजे दुसरीकडे गेलात तरी विचारता येईल. सर्व्हिस म्हणजे मागचं झाकण काढून पेट्रोल मारणं नव्हे. तसं केलं की जुनं तेल सगळीकडे पसरतं, घड्याळ दोन महिने चालतं आणि पुन्हा बसतं. खरी सर्व्हिस म्हणजे मशीनचा एकेक भाग सुटा करायचा, धुवायचा, वाळवायचा, जोडताना ज्वेलच्या प्रत्येक खळग्यात टाचणीच्या टोकाएवढं तेल द्यायचं. आठ-नऊ वर्षं पडून राहिलेल्या घड्याळात बहुतेकदा काही मोडलेलं नसतं, तेल चिकट होऊन गोंदासारखं झालेलं असतं. म्हणून बंद घड्याळाला जोर लावून किल्ली देऊ नका, हलवून चालवायचा प्रयत्नही करू नका.

विचारा : सगळं उघडणार का? एखादा भाग लागला तर तो एचएमटीचाच घालणार का? काढलेला जुना भाग मला परत देणार का? तिन्हीला सरळ हो आलं तर घड्याळ ठेवून या. सुटे भाग आता दुर्मीळ होत चाललेत, मी तर एखादं मेलेलं जनता केवळ भागांसाठी घेऊन ठेवतो.

नव्या ऑटोमॅटिकबद्दलही माझा निकष हाच. ते उघडून पुन्हा जोडू शकणारा माणूस बसने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे का? सायकोचं एनएच३५ मशीन असलेली घड्याळं मी सुचवतो ती यासाठी. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, भरलं की साधारण ४१ तास चालतं, आणि बिघडलं तर अख्खं मशीन बदलून मिळतं. दिखाऊ उघड्या पाठीचं, नाव न ऐकलेलं काही घ्याल तर दुरुस्तीला कुठेच जागा नाही.

चिकोडीचा_मास्तर

ऑटोमॅटिक घेतलंच तर एक लक्षात ठेवा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान किल्लीने तारीख बदलू नका. त्या वेळात तारखेचं चाक आधीच दात्यात गुंतलेलं असतं, जोर केला की दाता तुटतो. काटे खाली सहावर आणायचे, मग तारीख लावायची.

उद्यमबागवाला

दुरुस्त होऊन आलं की फोनवर टाइमग्राफरचं (ठोके ऐकून चूक मोजणारं) ॲप घ्या आणि माइकजवळ घड्याळ धरा. रोजची चूक आणि बीट एरर (टिक आणि टॉकमधली असमानता) दिसते. ॲम्प्लिट्यूडवर (बॅलन्स चाक किती झुलतं त्या आकड्यावर) मात्र लगेच विश्वास ठेवू नका, लिफ्ट अँगल (त्या मशीनचा ठरलेला कोन) बरोबर भरला नसेल तर तो आकडा चुकीचा येतो. तबकडी वर, तबकडी खाली, किल्ली खाली, अशा तिन्ही स्थितींत बघा. तिन्हीत फार फरक आला तर परत दाखवा.

शहापूरकर

तीन आठवड्यांनी येतोय, पण सांगण्यासारखं आहे.

घड्याळजींनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, मशीन निरोगी आहे, फक्त वाळलंय. मी तिन्ही प्रश्न विचारले, तिन्हीला हो म्हणाले. तबकडीचं विचारलं तर त्यांनी मला खुणेने थांबवलं, ती खरवडलेली काच काढली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. बिनकाचेची तबकडी मी पहिल्यांदाच बघत होतो. खाली सहाच्या आसपास एक तपकिरी डाग, बाकी सगळं स्वच्छ. 'जनता' अक्षर न् अक्षर सुबक. धुकं काचेचं होतं, तबकडीचं नव्हतंच. काच नवी टाकली, तबकडीला हात लावला नाही.

घरी बाबांच्या हातात दिलं. चष्मा न लावता त्यांनी वेळ वाचली. "हां, आता दिसतंय." आक्का, खटकत होतं ते एवढंच. त्यांना ते जुनाट वाटत नव्हतं, वाचता येत नव्हतं. मी नीट विचारलंच नव्हतं.

उद्यमबागवाले, ॲपवर दिवसाला १४ सेकंद पुढे दाखवतंय. किल्ली खाली धरली तर ६ मागे.

आता ते घड्याळ पुन्हा बाबांच्या हातात आहे. सकाळी पूजा झाली की किल्ली देतात, कानाला लावतात. मी मागितलं नाही. त्यामुळे माझं मनगट रिकामंच आहे आणि दुरुस्तीचा खर्च वजा जाता बरेच पैसे शिल्लक आहेत. एनएच३५ वालं बघायला येत्या रविवारी जाणार आहे, ३८ मिलिमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलंय, माझं मनगट साडेसहा इंच आहे.

बाबांच्या जनताला मात्र पट्टा हवाय. १८ मिलिमीटर, तपकिरी, जाड नको. जुना पट्टा त्यांनी टाकू दिलेला नाही, तोही पेटीत ठेवलाय. कुणाला चांगला ठाऊक असेल तर सांगा, पावसाळ्यासाठी नायलॉनचाही एक घेईन.

निपाणीची_आक्का

वाचून डोळ्यांत पाणी आलं. पट्ट्यासाठी निपाणीला आलात तर आमच्या बाजारात एक चामड्याचे कारागीर आहेत, घड्याळ समोर ठेवून माप घेऊन शिवून देतात. कांचनचा तिथलाच आहे, पाच वर्षं झाली, टाका उसवलेला नाही. बक्कल जुन्या पट्ट्याचंच लावून देतात, ते घेऊन या.